आधी कोणाला बघायचं याचं प्रशिक्षण

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (पाठ धरली आहे, त्यामुळे वाकणं मनातल्या मनात झालं, पण नमस्कार खरा आहे). तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं नेहमीसारखं. तुझे मेहुणे शिंकताहेत, सासूबाईंना हवं तेवढंच ऐकू येतंय, आणि तू कशी आहेस हे मी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर मला तोंडपाठ आहे.

पत्र घेऊन आलेले गृहस्थ आमच्या रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. तुझ्या बाजूला त्यांचं काही काम निघालं, म्हटलं पोस्टात चार दिवस घालवण्यापेक्षा हातोहात जाईल. त्यांना पुढच्या खोलीत, तुझ्या खुर्चीच्या बरोबर समोर बसव. चहा आत्ता नको, वाचून झाल्यावर बघू. माणूस अबोल आहे, त्यामुळे आपण काही बोललं पाहिजे असं वाटून घेऊ नकोस. मधूनमधून मनगटावरच्या घड्याळाकडे बघतील, पण त्यांना घाई नाही, ती त्यांची सवय आहे. उत्तर घेतल्याशिवाय निघू नका असं मी त्यांना बजावलं आहे. तू मात्र हे पत्र ओट्यापाशी उभ्याने, एका हातात उलथनं धरून वाचू नकोस. खिडकीजवळच्या खुर्चीत नीट टेकून बस, चष्मा लाव, आणि सावकाश वाच. पत्र लांब आहे.

आता तुझ्या पत्राविषयी. मी ते पट्टी घेऊन मोजलं (हसू नकोस, प्रशिक्षणानंतर मला मोजायची खोड लागली आहे). शेजारच्या काकूंच्या गुडघ्याला दोन पानं, त्यांच्या मांजराच्या डोळ्याला अर्धं पान, समोरच्या घराला नवा रंग दिला त्याला पाव पान, आणि तुझ्या तब्येतीला एक ओळ, तीही समासात. ‘मी मजेत.’ बाकी बातम्या म्हणजे तू चपला एक नंबर मोठ्या घेतल्यास, कारण जुन्या आखडल्या. झोपताना उशाला आता तीन उशा घेतेस, कारण वाचायला बरं पडतं. वरच्या खोलीत जाताना सातव्या पायरीवर जरा बसतेस, कारण तिथल्या खिडकीतून रस्ता छान दिसतो. छान. एकदा इकडे येऊन आमच्या डॉक्टरांना दाखव, असं मी गेल्या तीन पत्रांत लिहिलं. तिन्ही वेळा तू कळवलंस की तुमच्याकडे आधीच एवढी रांग असते, ज्यांना खरी गरज आहे त्यांना आधी बघा. दोनदा मी तुला न्यायला स्वतः आले, आणि दोन्ही वेळा पोटभर जेवून, भरलेला डबा घेऊन एकटीच परत गेले. फोन करावा तर ‘बरी आहे, ठेवते’ एवढ्यात तू ठेवतेस. तेव्हा तो विषय मी बंद केला आहे. आज फक्त माझ्या प्रशिक्षणाविषयी लिहिते, म्हणजे तुझीही करमणूक होईल.

या विद्येला ट्रायाज म्हणतात. म्हणजे खूप माणसं एकदम आली की आधी कोणाला बघायचं, मग कोणाला, आणि कोणाला नुसतं पाणी देऊन बसवायचं. तू म्हणशील, सत्तावीस वर्षं तू दुसरं काय करत होतीस? मीही मेट्रनबाईंना हेच म्हणाले. कॅज्युअल्टीच्या दाराशी जे टेबल आहे, ज्याचा एक पाय मी पुठ्ठ्याची घडी घालून सरळ केला आहे, त्या टेबलावर बसून मी माणसं आत सोडत आले. माझी पद्धत सोपी होती. रक्त दिसलं की आत. ओरडला की आत. सोबत पाचपेक्षा जास्त नातेवाईक असले की आत, कारण ते बाहेर राहिले तर खुर्च्या मोडतात. आणि कोणी आमच्या साहेबांचं नाव घेतलं तर आधी त्याला बाकावर बसवायचं, मग चौकशी करायची (नाव घेणाऱ्यांपैकी निम्मे साहेबांना ओळखत नसत, उरलेल्यांना साहेब ओळखत नसत).

ही पद्धत एका दिवशी मोडली, आणि ते मी तुला याआधी लिहिलं नव्हतं. बोट कापलेला एक गृहस्थ आला. बोट एक, नातेवाईक अकरा. त्यांनी एवढा गलका केला की मी त्याला ताबडतोब आत सोडलं, मग त्याच्या चक्कर आलेल्या बायकोला, मग बायकोला चक्कर आलेली बघून चक्कर आलेल्या मेहुणीला. बाकावर एक म्हातारे शिंपी बसले होते. गळ्यात मोजपट्टी तशीच होती, दुकानातून उठून आले होते. छातीवर हात ठेवून बसले होते. मी दोनदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोन्ही वेळा ते म्हणाले, ‘‘सावकाश होऊ द्या, सिस्टर.’’ मी सावकाश होऊ दिलं. चाळीस मिनिटं. मग ते बाकावरून घरंगळले. वाचले, ताई, वाचले, नऊ दिवस अतिदक्षता विभागात काढून चालत घरी गेले. पण जाताना माझ्या टेबलाशी थांबले, आणि त्या दिवशी मी त्यांना बसायला जागा करून दिली म्हणून त्यांनी माझे आभार मानले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते आभार मला अजून पचलेले नाहीत.

त्यानंतर साहेबांचं पत्रक निघालं. यापुढे त्या टेबलावर सर्टिफिकेट असलेली व्यक्तीच बसेल. ज्यांना ते मिळणार नाही त्यांची नेमणूक चादरींच्या कोठीत. कोठी तळघरात आहे, तिथे एक दिवा आहे आणि चादरी आहेत. नोकरीची पाच वर्षं उरलेली असताना मला चादरींमध्ये जायचं नव्हतं. त्याहून खरं सांगायचं तर मला त्या बाकासमोर पुन्हा एकदा, आणि नीट, बसायचं होतं. म्हणून नाव दिलं.

प्रशिक्षण तीन दिवसांचं, लाँड्रीवरच्या सभागृहात. खालून वाफ येते, त्यामुळे सगळे प्रशिक्षणार्थी पहिल्या तासातच आजारी दिसायला लागतात. शिकवणारे सर शिट्टी घेऊन आले होते. प्रत्येक रुग्णाला तीस सेकंद, तीस सेकंदांनी शिट्टी, शिट्टी वाजली की पुढचा. रंग चार. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता. पिवळा म्हणजे थोडं थांबेल. हिरवा म्हणजे थांबेल आणि तक्रारही करेल. काळ्याविषयी सर हळू आवाजात बोलले. त्या त्या रंगाची कापडी पट्टी मनगटाला बांधायची, आणि बांधायच्या आधी चारच गोष्टी बघायच्या. चालतोय का, श्वास कसा आहे, नाडी कशी आहे, सांगितलेलं कळतंय का. नाव, गाव, नातेवाईक, साहेब, यांतलं काहीही विचारायचं नाही. मी अनुभवी म्हणून पहिल्या बाकावर बसले होते. माझ्या शेजारी दातांच्या दवाखान्यातली एक मदतनीस मुलगी, आणि सगळ्यांत मागे, दाराजवळ, आमचे भाऊ. त्यांना पाठवलं होतं ते केवळ गाडी त्या दिवशी दुरुस्तीला होती म्हणून.

पहिल्या दिवशी कागदावरचे वीस रुग्ण होते. मी पहिल्या रुग्णाचं नीट वाचलं, त्याच्या घरी कोण कोण असेल याचा विचार केला, त्याला पाणी द्यायला हवं असं समासात लिहिलं, आणि शिट्टी वाजली. अशा रीतीने माझे चार रुग्ण झाले आणि सोळा माझी वाट बघत कागदावरच राहिले. चारांपैकी ज्याचं वर्णन सर्वांत लांब होतं त्याला मी लाल दिला (त्याला खरूज होती). भाऊंना वीसपैकी एकोणीस मिळाले. विसावा चुकला कारण दोन पानं एकमेकांना चिकटली होती. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, भाऊ, हे कसं जमलं? ते म्हणाले, ‘‘गाडीत जागा एकच असते, ताई.’’ त्या दिवसातलं त्यांचं हे एकुलतं एक वाक्य.

दुसऱ्या दिवशी श्वास मोजायला शिकवलं. तुला वाटेल त्यात काय शिकायचं, पण त्यात एक गंमत आहे. तुमचे श्वास मोजतोय असं ज्याला सांगाल त्याचा श्वास तिथल्या तिथे बदलतो. तो नेटका घ्यायला लागतो, पाहुणे आल्यावर आपण पाठ ताठ करतो तसा. म्हणून त्याला कळू द्यायचं नाही. नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरायचं आणि नजर छातीवर ठेवायची, किंवा त्याला दुसऱ्याच कशात तरी गुंतवायचं. स्वस्थ बसलेल्या माणसाचे मिनिटाला बारा ते वीस. मोजायच्या आधी त्याला थोडा वेळ निवांत बसू द्यायचं. मी शेजारच्या मदतनीस मुलीचे मोजायला घेतले आणि सवयीने तिला म्हणाले, घाबरू नकोस बाळ, श्वास मोजतेय. ती इतकी गुणी की तिने माझं काम बिघडू नये म्हणून श्वास धरूनच ठेवला. मी शून्य मोजले आणि नियमाप्रमाणे काळी पट्टी बांधली. सरांनी शिट्टी तोंडातून काढली. मग त्यांनी भाऊंना विचारलं, गाडीत तुम्ही कसं करता? भाऊ म्हणाले, म्हाताऱ्या माणसांना ते वाचायला देतात. त्यांच्याकडे तीन पानी फॉर्म आहे. रुग्ण चष्मा शोधतो, लावतो, पहिल्या पानापासून मन लावून वाचतो, आणि तेवढ्यात मोजून होतं. तो फॉर्म कशाचा आहे हे आजवर कोणी विचारलेलं नाही, आणि भाऊंनाही ते नक्की ठाऊक नाही.

घरी सराव करावा म्हणून मी पट्ट्या घेऊन आले, तिथे माझं चुकलं. तुझ्या मेहुण्यांना सर्दी झाली होती. चालताहेत, श्वास सोळा, नाडी उत्तम, सांगितलेलं कळतं (करत नाहीत, पण कळतं). मी हिरवी पट्टी बांधली. त्यांना ते फार लागलं. पस्तीस वर्षांच्या संसारानंतर आपली किंमत ही, असं म्हणून ते सोफ्यावर आडवे झाले आणि कण्हायला लागले, आणि दर थोड्या वेळाने एक डोळा उघडून माझ्या हातात पिवळी दिसते का ते बघत राहिले. तेवढ्यात सासूबाईंना ऐकू आलं. मुलाला काहीतरी मिळालं आणि आपल्याला नाही, म्हणून त्यांनीही हात पुढे केला. त्या तपासणीला चक्क जिना उतरून, हातात जड बादली घेऊन आल्या होत्या, त्यामुळे त्यांनाही हिरवीच. त्यांनी ती सोडली, माझ्या पिशवीतली लाल काढून स्वतःच्या हाताने बांधली, आणि दोन दिवस घरातल्या एकाही कामाला त्या मनगटाने हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी शेजारणीला दाखवायला गेल्या आणि तिलाही एक हवी आहे असा निरोप घेऊन आल्या. माझ्या घरात आता अत्यवस्थ माणसं दोन आहेत आणि दोघांनाही भूक उत्तम लागते.

प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी परीक्षा. मागच्या गाडीतळावर खोटा अपघात मांडला होता. चाकं काढलेली जुनी रुग्णवाहिका आडवी पाडली होती आणि नर्सिंगच्या चोवीस मुली जखमी होऊन इकडेतिकडे पडल्या होत्या. प्रत्येकीच्या गळ्यात कार्ड, कार्डावर श्वास आणि नाडी. उत्कृष्ट जखमीला बक्षीस आहे असं कोणीतरी मुलींना सांगून ठेवलं होतं, त्यामुळे असा आक्रोश मी खऱ्या अपघातातही ऐकलेला नाही. शिट्टी वाजली आणि मी धावले ती सरळ आवाजाच्या दिशेने. एक मुलगी माझा पदर धरून ‘आई गं, मेले गं’ करत होती. मी तिला लाल बांधली, धीर दिला, तोंड पुसलं. कार्ड नंतर वाचलं. पाय मुरगळला होता. पहिली फेरी संपली तेव्हा सर मला गाडीच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे चाकाच्या जागी टेकून एक बारकीशी मुलगी गप्प बसली होती. कार्डावर श्वास चाळीस. तिच्यापर्यंत मी पोचलेच नव्हते. सरांनी खिशातून काळी पट्टी काढून माझ्यासमोर तिच्या मनगटाला बांधली आणि म्हणाले, ‘‘ही तुमची वाट बघत होती.’’ मुलगी उठली, कपड्यांवरची धूळ झटकली आणि हसून मला म्हणाली, ‘‘असू दे हो, सिस्टर.’’ ताई, खरं सांगते, मला रडू आलं. आडव्या गाडीच्या पायरीवर बसून, चोवीस जखमींच्या देखत, मी रडले.

दुसऱ्या फेरीत मी निश्चय केला की ओरडणाऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही. गप्प कोण आहे तेवढंच शोधायचं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, उलट्या बादलीवर, कोट घातलेले एक वयस्कर गृहस्थ मला दिसले. डोळे मिटलेले, घामाघूम, एक हात छातीवर. गळ्यात कार्ड नव्हतं, म्हटलं धावपळीत पडलं असेल. मी विचारलं, चालता येईल का? ते म्हणाले, मला कुठे जायचं नाही. मी लिहिलं, सांगितलेलं ऐकत नाही. ते म्हणाले, अहो बाई, मी परीक्षक आहे, मुख्य कार्यालयातून आलोय. मी लिहिलं, भ्रमात बोलतोय. लाल पट्टी बांधली आणि स्ट्रेचर मागवलं. चौघांनी त्यांना उचललं, त्यांत पायांकडच्या बाजूला आमचे भाऊ होते. ते परीक्षक आहेत हे भाऊंना ठाऊक होतं, सकाळी स्टेशनवरून भाऊंनीच त्यांना आणलं होतं. नंतर मी विचारलं, भाऊ, मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, लाल पट्टी बांधल्यावर हुद्दा बघायचा नसतो.

परीक्षेसाठी उभारलेल्या तंबूत नेऊन डॉक्टरांनी परीक्षकांना तपासलं. त्यांना काहीही झालं नव्हतं. ऊन होतं, कोट होता, आणि छातीवरचा हात खिशातलं पेन पडू नये म्हणून होता. मी चादरींच्या कोठीची मनाने तयारी केली, तिथे एक खुर्ची तरी आहे का याचा विचारही करून ठेवला. पण संध्याकाळी निकाल वाचताना सरांनी माझा कागद हातात घेतला आणि सगळ्यांना सांगितलं की या कामात चूक होणारच. आजाऱ्याला खालचा रंग दिला तर त्याचा जीव जातो. धडधाकटाला वरचा रंग दिला तर त्याचा फक्त वेळ जातो आणि तुमचं हसं होतं. शंका असेल तर वरच्या रंगाकडे चुका, आणि हसू द्या लोकांना. परीक्षकांनी माझ्या कागदावर स्वतःच्या हाताने शेरा लिहिला होता, ‘‘उमेदवार चुकल्या आहेत, पण योग्य दिशेने.’’ शंभरपैकी एकसष्ट. पास. भाऊ सत्त्याण्णव, सगळ्यांत पहिले. (तीन गुण गेले ते तोंडी परीक्षेत, ते काही बोललेच नाहीत.)

तर टेबल माझं राहिलं. पुठ्ठ्याची घडीही तीच आहे. फरक एवढाच की आता सकाळी आल्या आल्या मी आधी दाराकडे बघत नाही, बाकाकडे बघते, आणि बाकावर जो माझ्याकडे बघून हसेल त्याच्याकडे उठून जाते. इकडची काळजी करू नकोस. काकूंच्या गुडघ्याला आणि मांजराच्या डोळ्याला माझ्यातर्फे विचार. लोभ आहेच, तो मोजायला मला कोणी शिकवलेलं नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. मागच्या वेळचा तुझा स्टीलचा डबा भाऊंबरोबर परत पाठवायचा होता, तो राहिला. आता तो इथेच माझ्या टेबलाच्या खणात आहे.

ता. क. २. विषय बंद केला आहे असं वर लिहिलं ते खरं नाही. निकाल लागला त्या रविवारी मी तुझी चार महिन्यांतली सगळी पत्रं काढून ओळीने मांडली. ती सगळी मी एकदा हसून, ‘नीट सावकाश वाचू’ असं म्हणून एका खणात टाकत आले होते. म्हणजे इतके दिवस मी तुझ्या मनगटाला हिरवी पट्टी बांधून ठेवली होती, कारण तू विनोदी लिहितेस. ताई, वापरून चपला सैल होतात, आखडत नाहीत. तुझे पाय सुजताहेत. पहिल्या पत्रात उशी एक होती, मग दोन, आता तीन, म्हणजे आडवं पडलं की तुला दम लागतो. त्या घराचं जिन्यातलं खिडकीवजा भोक मी पाहिलेलं आहे, त्यातून रस्ता नाही, शेजारच्यांची भिंत दिसते. आपण चौघं भावंडं एकदम आजारी पडलो की औषधाची बाटली तुझ्यापर्यंत येईतो रिकामी झालेली असायची, आणि तू म्हणायचीस, मला काही झालेलंच नाही. आम्ही तेव्हा लहान होतो, आम्हाला ते खरं वाटायचं. काल मी ही पत्रं घेऊन आमच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हसतहसत वाचायला घेतली आणि उशांपाशी आले तेव्हा हसायचे थांबले. उद्याच आणा म्हणाले, आणि गाडीच्या कागदावर स्वतः सही केली.

ता. क. ३. भाऊंचं तुझ्या बाजूला काहीही काम नव्हतं. गाडी पलीकडच्या गल्लीत उभी आहे, भोंगा वाजवायचा नाही असं ठरलं आहे, म्हणजे तुला लोकांपुढे लाजायला नको. हे पत्र एवढं लांब का, असं तुला मघाशी वाटलं असेल. माझं सांगणं एका ओळीत होण्यासारखं होतं, पण भाऊ म्हणाले, निदान पंधरा मिनिटं तरी निवांत बसून वाचतील असं लिहा. तू वाचत होतीस तेवढा वेळ ते समोर बसून तुझे श्वास मोजत होते. आता त्यांना आकडा विचार. ते कमी बोलतात, पण खोटं बोलत नाहीत.

ता. क. ४. पिशवी आणायला वर जाऊ नकोस. शेजारच्या काकूंना मी काल फोन केला होता. तू दळण आणायला गेलीस तेव्हा तो दोन पानांचा गुडघा घेऊन त्या तुझा जिना चढल्या आणि तुझी पिशवी भरून घेऊन गेल्या. ती आता त्यांच्या दारात तयार आहे. भाऊंना जेवायला घालू नकोस, त्यांनी डबा आणला आहे. चहाही इथे आल्यावर. कदाचित तुला काहीच झालेलं नसेल, आणि परीक्षकांसारखीच तूही धडधाकट निघशील. निघ बाई तशी. मग जन्मभर मला हस, चार पानं भरून हस, मी वरच्या रंगाकडे चुकले असं सगळ्यांना सांगत सुट.

ता. क. ५. भाऊंना जे उत्तर न्यायचं आहे ते लिहायला बसू नकोस, ते तूच आहेस. तू आमच्या दारातून आत येशील, बाकावरची रांग बघशील, आणि तुझ्या सवयीने म्हणशील, आधी यांना घ्या. म्हण हवं तर. त्या टेबलावर मी बसलेली असेन, आणि तिथे आधी कोण हे मी ठरवते.